वाराच्या दिवशी तार

श्रम म्हणजे नेमकं काय, या प्रश्नाचं उत्तर मानवजातीला अजून सापडायचं आहे, असं विद्वान सांगतात. करंजगाळीला ते एका बुधवारी संध्याकाळी सापडलं. लक्ष्मीच्या देवळात यात्रा कमिटी बसली, तिनं सगळ्या बाजूंनी विचार केला आणि श्रमाची व्याख्या एकमतानं मंजूर केली. बैठक तासभर चालली. त्यातला निम्मा वेळ मांडववाला निपाणीहून बोलवायचा की बेळगावातून, यातच गेला.

बेळगावजवळचं मच्छे मागं टाकून जांबोटीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला करंजगाळी लागते. भात, काजू, म्हशी, आणि रोज सकाळी मच्छ्याच्या कारखान्यांकडं निघणाऱ्या मोटरसायकली, ही इथली मुख्य पिकं. यंदा सतरा वर्षांनी लक्ष्मीची यात्रा भरणार होती. घरांना रंग लागत होते, पाहुण्यांना फोन जात होते, आणि रिवाजाप्रमाणं यात्रेआधीचा महिना गावानं वार पाळायला घेतले होते. वार पाळायचे म्हणजे मंगळवारी आणि शुक्रवारी गावच्या शिवेत काम बंद. नांगर धरायचा नाही, कुऱ्हाड चालवायची नाही, दळायचं नाही, कांडायचं नाही, रानात पाऊल टाकायचं नाही. देवी यायची आहे, तर तिच्या भुईला जरा विसावा मिळावा, एवढाच त्यातला भाव.

हा विसावा अंमलात आणायचं काम कमिटीचे अध्यक्ष परशराम सुभेदार यांच्याकडं होतं. ते फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मधल्या काळात गावानं त्यांना शिस्त लावण्यासारखं काही दिलं नव्हतं. ते आता दिलं. पहिल्याच मंगळवारी सकाळी ते काठी घेऊन गस्तीला निघाले. रवळू परसात लाकडं फोडताना सापडला. आपण फोडत नसून आधीच फुटलेली लाकडं वेगळी करत आहोत, असा बचाव त्यानं केला, तरी त्याला एक नारळ आणि समईला तेल असा दंड झाला. शिंपीण बायाक्का शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवत होती. तिलाही नारळ आणि तेल. शिवाय मशीनवर सुभेदारांनी स्वतःच्या हातानं चादर घातली. कारखान्यात जाणाऱ्या पोरांचा प्रश्न आला, तेव्हा देवीची हद्द शिवेपर्यंतच आहे आणि मच्छ्यात काय चालतं ते तिला दिसत नाही, असा निकाल त्यांनी उभ्याउभ्या दिला. पगाराचा विषय असल्यानं त्यावर कुणी वाद घातला नाही.

मग ते भावकूच्या दारात आले.

भावकूची सून सौम्या सोप्यात चटईवर बसून तार वळत होती. समोर स्टीलच्या ताटात काचेचे मणी, डाव्या हातात तांब्याची तार, उजव्या हातात गोल तोंडाची पक्कड. सुभेदारांना बघून तिनं तार खाली ठेवली आणि दंडाच्या तयारीनं उठून उभी राहिली.

"बस बस," सुभेदार म्हणाले. "तुझं चालू दे. तेला काय न्हाय." आणि काठी टेकत पुढच्या घराकडं गेले.

सौम्या बराच वेळ तशीच उभी होती. रवळूला दंड झाला, बायाक्काला झाला, आपल्याला मात्र माफी मिळाली. पण माफी मिळायला गुन्हा तरी लागतो. इथं तोही धरला नव्हता.

ती मूळची निपाणीकडची, बी.कॉम. झालेली. लग्न होऊन आली त्या साली रानातल्या विहिरीची मोटर जळली. घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. मच्छ्यातला रिवाइंडिंगवाला कल्लाप्पा येऊन मोटर उघडून बसला आणि त्यानं जुन्या तारेची वेटोळी बाहेर काढून टाकली. सासरे खर्चाचा अंदाज घेत होते, नवरा महादेव कल्लाप्पाशी कन्नडात घासाघीस करत होता, आणि सौम्या त्या वेटोळ्यांकडं बघत होती. एकावर एक, न चुकता, घट्ट बसलेले वेढे. वरचे जळून काळे झालेले, पण आतले तांबूस, चकचकीत. एवढं नेटकं काही मोटरच्या पोटात अंधारात ठेवायचं आणि वर पत्र्याचं झाकण लावायचं, हे तिला बरोबर वाटेना. तिनं त्यातली चांगली तार सोडवून घेतली आणि न्हाणीघराच्या दाराआड बसून पहिलं कानातलं केलं. ते वाईट झालं. दुसरंही वाईट झालं.

पुढं ती फोनवर बघून शिकली, आणि फोनवर जे नव्हतं ते तार वाया घालवून शिकली. तार एकाच जागी तीनदा वाकवली की ताठ होते आणि चौथ्यांदा मोडते, म्हणून कुठं वळायचं ते हात लावायच्या आधी ठरवावं लागतं. तोडलेलं टोक तसंच सोडलं तर कान ओरबाडतं, म्हणून ते गोगलगाईसारखं आत गुंडाळून टाकायचं. उघडं तांबं घामानं हिरवं पडतं, पण मोटरच्या तारेवर व्हार्निशचा हात असतो, ती वर्षानुवर्षं तशीच राहते. आता ती कल्लाप्पाकडून कोरी तार घ्यायची. तो वजन करून द्यायचा आणि दर खेपेला तोच विनोद करायचा: "बुगडी सांभाळून घाल म्हणावं आक्का. पाच एचपीची ताकद हाय तीत."

बुगडी हे तिचं खरं डिझाइन. जुन्या बायकांच्या कानाच्या वरच्या पाळीला भोक असायचं, त्यात बुगडी बसायची. आताच्या पोरी तिथं भोक पाडून घेत नाहीत, पण लग्नात बुगडी मात्र सगळ्यांना हवी असते. सौम्यानं ती बिनभोकाची केली. जाड तारेची एक कमान, ती पाळीला चिमटीत धरते. कमानीवर बारीक तार वळत जायची आणि दर दोन वेढ्यांना एक मणी ओवायचा, मागं जाईल तसा लहान मणी. पुरी झाली की ती भाताच्या लोंबीसारखी दिसायची, जराशी झुकलेली. सगळी मेख त्या कमानीत होती. सैल झाली तर बुगडी जेवताना ताटात पडायची, घट्ट झाली तर कान लाल. स्वतःचा कान स्वतःला दिसत नाही, आणि चाचणीला बिनभोकाची दुसरी पाळी घरात एकट्या महादेवची होती. त्यामुळं एक अख्खा महिना तो संध्याकाळी कानात बुगडी घालून क्रिकेट बघायचा. एकदा तसाच दूध घालायला डेअरीत गेला. गावात ते अजून निघतं.

या बुगड्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या माधवी मॅडमना आवडल्या. त्यांचं साड्यांचं आणि दागिन्यांचं बुटीक होतं. एका मोठ्या लग्नाची ऑर्डर त्यांनी सौम्याला दिली होती. नवरीच्या सगळ्या मैत्रिणींना आणि बहिणींना सारख्या बुगड्या, आणि नवरीला तसाच लोंब्यांचा गळ्यातला हार. लग्न पंधरवड्यावर आलं होतं. एरवी सौम्याला दिवसभर काजूच्या बागेत आणि गोठ्यात राबावं लागायचं, तारेला उरायचा तो संध्याकाळचा तासभर. आता वार लागले आणि आठवड्यातले दोन दिवस रान बंद झालं. ती देवीची कृपाच म्हणायची. कृपा होतीच, पण सुभेदारांच्या "तेला काय न्हाय"नं तिची चव गेली.

दुपारी बायाक्का मुद्दाम येऊन बसली. दंडाचा नारळ देवळात देऊनच ती आली होती. तिनं ताटातले मणी चाळवले, पुरी झालेली एक बुगडी स्वतःच्या कानाला लावून बघितली, आणि आपलं मशीन झाकलं आणि हिची पक्कड चालू, याचा अर्थ काय, अशी विचारणा केली. सौम्या म्हणाली, सुभेदार अण्णांनाच विचार.

"तेनला कशाला इचारू? देवीला बी कळतंय गं," बायाक्का म्हणाली. "माझं ते काम, तुझा ते टाईमपास."

सौम्याला लागलं ते यातलं खरं होतं म्हणून. घरात प्रत्येक गोष्टीला नाव होतं. काजू वेचणं हे काम होतं. शेण काढणं काम होतं. तार हा नाद होता. सासूबाई राजाबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायच्या, आमची सून रिकामी बसत न्हाय, बसली की तार वाकवत असती. हे कौतुकच होतं, आणि कौतुक असल्यानं त्याच्याशी भांडताही येत नव्हतं.

संध्याकाळी महादेव कारखान्यातून आला, तेव्हा तिनं त्याला सांगितलं की उद्या कमिटीची बैठक आहे, तिथं जाऊन हे काम आहे असं सांगून ये. महादेव पाय धुता धुता थांबला. त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. काम ठरलं तर वाराला बंद होईल, आणि दोन्ही दिवस गेले तर ऑर्डर पुरी कशी होणार, हे त्यानं तिला नीट, न रागावता समजावलं. फुकटचा दिवस मिळालाय, तर गप्प बसून घ्यावा. फारच मनाला लागत असलं तर चटई घेऊन शिवेपल्याड बसावं, तिथं देवीला दिसत नाही.

"देवीला दिसू दे की," सौम्या म्हणाली. "दिसावं म्हणूनच म्हणालोय."

तो म्हणाला, मग तूच जा. आणि टॉवेल घेऊन आत गेला. तो वाईट माणूस नव्हता. फक्त अख्खा महिना बुगडी घालून बसल्यानं या धंद्यात आपलं पुरेसं योगदान झालं आहे, अशी त्याची समजूत होती.

बुधवारी संध्याकाळी मांडववाल्याचा विषय संपून चहा आला, तेव्हा सौम्या देवळाच्या पायरीवर उभी होती. दंडाबद्दल बोलायला आलेल्या चार बायका आधीच खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यात बायाक्का होती. राजाबाईही होत्या, पण त्या सुनेबरोबर आल्या नव्हत्या. देवळात बैठक आहे म्हटल्यावर त्या नेहमीच यायच्या.

"अण्णा," सौम्या म्हणाली, "मंगळवारी वार मोडून मी काम केलोय. मला दंड लावा."

दंड माफ करून घ्यायला कालपासून बरेच येऊन गेले होते. लावून घ्यायला आलेलं हे पहिलंच माणूस. सुभेदारांनी बशी खाली ठेवली आणि कुठलं काम, असं विचारलं. तारंचं, असं ती म्हणाली. ते काम न्हवं पोरी, हाताला एक चाळा आपला, असं ते म्हणाले. मग बायाक्काचं मशीन काम कसं, असं तिनं विचारलं. त्यावर बायाक्का खांबाजवळून म्हणाली, मशीनला पाय मारावा लागतोय, बस एक दिवस मारून, मग बोल.

प्रश्न कमिटीपुढं रीतसर आला तो असा. गुरव मष्णूनं त्यात धर्माची बाजू मांडली. यात्रेआधी देवी झोपलेली असते. वार पाळायचे ते तिची झोप मोडू नये म्हणून. तेव्हा तारेच्या कामाचा आवाज होतो का, एवढंच बघायचं. सौम्यानं पिशवीतून कटर काढला आणि तारेचं टोक तोडलं. टक. मष्णू गाभाऱ्यात जाऊन उभा राहिला आणि आतून म्हणाला, पुन्हा एकदा. तिनं पुन्हा तोडलं. मष्णू बाहेर आला. आवाज आला खरा, असं त्यानं सांगितलं, पण पाल बी असंल.

मग धातूचा मुद्दा निघाला. एक जण म्हणाला, लोखंड नको एवढंच शास्त्र आहे, आणि तांबं तर कलशाचं, पूजेतलं, त्यामुळं ही बाई काम करत नसून जवळजवळ पूजाच करते. दुसऱ्यानं पक्कड लोखंडाची असल्याकडं लक्ष वेधलं. पहिल्यानं विचारलं, मग गाभाऱ्यातल्या घंटेचा लोळा कशाचा आहे? त्यावर सगळे मान वर करून घंटेकडं बघू लागले.

हे कुठवर जाईल याचा सुभेदारांना अंदाज आला. त्यांनी हात वर केला आणि सरळ प्रश्न विचारला. नांगरलं नाही तर पीक येत नाही. लाकूड फोडलं नाही तर चूल पेटत नाही. ब्लाऊज शिवला नाही तर बाई यात्रेत काय घालेल? तसं हे तारेचं केलं नाही, तर काय होतं?

सौम्यापाशी उत्तर नव्हतं असं नाही. ऑर्डर आहे, लोक विकत घेतात, मॅडम पैसे देतात, हे सांगता आलं असतं. पण अण्णांनी ते विचारलंच नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, काय होतं. तिला ते लग्न दिसलं, त्या सगळ्या पोरी बिनबुगडीच्या, तशाच हसणाऱ्या, अक्षता टाकणाऱ्या. लोंबी झुकलेली हवी, ताठ नको, म्हणून तिनं कितीदा तरी बुगडी सोडवून पुन्हा वळली होती. ती ताठ राहिली असती, तरी कुणाच्या ध्यानात आलं नसतं. मग एवढं मन लावून आपण वळत होतो ते काय? तिला खोटं बोलवेना.

"कुणाचं काय अडत न्हाय, अण्णा," ती म्हणाली.

सुभेदारांनी दोन्ही हात पसरले. झालं, असा त्याचा अर्थ. मष्णूनं पान काढलं.

तेवढ्यात राजाबाई उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. त्या सुनेपाशी आल्या आणि तिचा उजवा हात मनगटाला धरून दिव्याखाली ओढला. मेथीची जुडी बघावी तसा त्यांनी तो उलटासुलटा केला.

"ह्यो घट्टा इळ्याचा," त्या म्हणाल्या. "ह्यो खुरप्याचा. ही चीर काजूच्या चिकाची. आणि आंगठ्याच्या बुडाला ह्यो बघा. ह्यो तारंचा. घरात आली तवा नव्हता. आता सांगा, चाळ्यानं घट्टा पडतोय?"

कमिटीतले लोक पुढं झुकले. सगळे शेतकरी. दुसरं काही नाही तरी घट्ट्यातलं त्यांना कळत होतं. एकानं बोटानं दाबून बघितला. दुसऱ्यानं आपला घट्टा त्याच्याशेजारी धरला. मग बैठकीतले सगळेच आपापले तळहात दिव्याकडं करून बघू लागले. सुभेदारांनीही आपले बघितले. पेन्शन सुरू झाल्यापासून ते फार मऊ झाले होते. त्यांनी ते उपरण्याखाली घेतले.

"काम हाय," ते म्हणाले.

अशा रीतीनं ज्याचा घट्टा पडतो ते काम, ही व्याख्या करंजगाळीत मंजूर झाली. सौम्याला मंगळवारच्या कामाबद्दल एक नारळ आणि समईला तेल असा दंड झाला. येत्या शुक्रवारपासून वाराला तार बंद. दंड ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मष्णूनं तिला समजावलं की नारळ लहान असला तरी चालतो.

घरी जाताना सौम्यानं सासूबाईंना काही विचारलं नाही. राजाबाईही रस्ताभर म्हशीबद्दल बोलत होत्या. पण अंगठ्याच्या बुडाचा घट्टा त्यांनी कधी बघितला असेल, याचा ती विचार करत राहिली. भांडी विसळताना, की पान लावून हातात देताना? एवढी वर्षं नाद म्हणणारं माणूस हातावर लक्ष ठेवून होतं, ही गोष्ट तिला निकालाहून मोठी वाटली.

गुरुवारी ती ठेवणीतली साडी नेसून दंड भरायला गेली. बायाक्का दारात बसली होती. तिनं बघितलं, नारळ मोठा आहे हेही बघितलं, आणि म्हणाली, "आली बाई कामगार." पण सरकून बसायला जागा दिली. दोघींनी सुभेदारांबद्दल थोडं वाईट बोलून घेतलं.

मग तिनं माधवी मॅडमना फोन लावला. हा फोन अवघड जाईल असं वाटलं होतं, तसा तो गेला नाही. बुगड्या वेळेवर होतील, पण नवरीचा हार होणार नाही, असं तिनं सांगितलं. मॅडमनी कारण विचारलं.

"मंगळवार-शुक्रवार आमचं काम बंद असतंय," सौम्या म्हणाली. हे वाक्य तिनं सकाळपासून दोनदा मनात म्हणून बघितलं होतं.

मॅडम खूश झाल्या. देवीसाठी काम बंद ठेवणारी कारागीर, हे किती छान, असं त्या म्हणाल्या, आणि हे आपण प्रत्येक बुगडीच्या कार्डावर छापू या, असंही म्हणाल्या. हार त्या दुसरीकडून मागवणार होत्या. हार गेल्याचं सौम्याला वाईट वाटलं. त्याचं चित्र तिनं काढून ठेवलं होतं, मधली लोंबी कशी लोंबेल तेही ठरलं होतं. पण काम म्हटल्यावर त्यात तोटाही आलाच, अशी तिनं समजूत घातली. नादात तोटा होत नसतो.

शुक्रवार उजाडला. रान बंद, मशीन बंद, तार बंद. सौम्यानं तारेचं ताट, पक्कड आणि कटर आदल्या संध्याकाळीच फडक्यात बांधून फळीवर ठेवले होते. आज काही करायचं नाही. हात मांडीवर ठेवून सोप्यात बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारलं तर सांगायचं, आज काम बंद. सकाळी ती तशी बसलीही. सुभेदार गस्तीवर आले, तिच्या रिकाम्या हातांकडं बघून त्यांनी मान हलवली, आणि ती मानानं जरा सरळ बसली.

तेवढ्यात महादेवच्या दोघी बहिणी पोराबाळांसकट रिक्षातून उतरल्या. वाराचा दिवस, कुणाला रानात जायचं नाही, म्हणून त्या माहेरी आल्या होत्या. भावकू आणि महादेवचे दोघे चुलते आधीच पडवीत पत्ते मांडून बसले होते. राजाबाईंनी आतून परात आणली आणि सुनेपुढं ठेवली.

"आज तुला काम न्हाय न्हवं?" त्या म्हणाल्या. "ऊठ मग."

करंजगाळीत वाराला नांगरायचं नाही, फोडायचं नाही, शिवायचं नाही, आणि आता तारही वळायची नाही. स्वयंपाक चालतो.